साडेत्रेसष्ट अंशांचं आभाळ

मुंबईत जुन्या वस्त्या पुष्कळ आहेत. जुनी आणि तरीही आधी आखून मग उभी केलेली वस्ती मात्र शोधावी लागते. गिरगाव वाढत गेलं, भुलेश्वर दाटत गेलं, वरळी-माहीमचे कोळीवाडे आपापली जागा धरून राहिले. दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलपासून माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपर्यंतचा टापू आधी कागदावर उतरला आणि नंतर जमिनीवर. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, रुईयाचा नाका, माटुंग्याची बाजारपेठ ही सगळी त्या एकाच मोठ्या आखणीची अंगं. रोज या रस्त्यांवरून कामाला जाणाऱ्या माणसाला ते जाणवायचं काही कारण नाही. पण एकदा थांबून पाहिलं, तर इथल्या दोन इमारतींमधलं अंतर, जिन्याची जागा, झाडांची रांग आणि गच्चीचा कठडा या प्रत्येकामागे कुणीतरी केलेला विचार दिसू लागतो. एखादी चांगली बंदिश ऐकताना सम कुठे आहे हे कळलं की तिचं सगळं अंग उलगडतं, तसं इथे एका नियमाशी ओळख झाली की वस्ती उलगडते. तो नियम सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्याचे. त्यांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ आहे. पुढच्या काही महिन्यांत माणसं इतकी मेली आणि इतकी पळाली की गिरण्या, गोदी, बाजार सगळंच अडखळलं. १८९१च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढणं हाच ज्या शहराचा धर्म, त्या शहराचा आकडा दहा वर्षांत खाली आला. १८९८मध्ये कायदा होऊन बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांमधून रस्ते काढायचे, पडीक चाळी पाडायच्या, गरिबांसाठी नव्या चाळी बांधायच्या आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर नवी उपनगरं वसवायची, असं त्याचं काम होतं. समुद्रावरचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड कापून काढले गेले. नागपाड्यात पाडापाडी झाली. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने पाडलं जास्त आणि बांधलं कमी. बेघर झालेली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. ट्रस्टचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

त्या काळच्या अधिकाऱ्यांची समजूत अशी होती की प्लेग अंधारातून, ओलीतून आणि कोंडलेल्या हवेतून येतो. खरं कारण उंदराच्या अंगावरची पिसू. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८मध्ये कराचीत ते दाखवून दिलं होतं, पण सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे दादर-माटुंग्याची आखणी रोगाच्या चुकीच्या निदानावर झाली. मला यात खेद करण्यासारखं काही दिसत नाही. उजेड आणि हवा यांनी प्लेग अडला नसेल, पण क्षयाचं भय असलेल्या शहरात त्यांची किंमत मोठी होती. शिवाय उजेड आणि हवा हे औषध मानल्यामुळेच ते मोजून देण्याची बुद्धी झाली.

मोजून देण्याची रीत अशी. १९१०च्या दशकात जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष होते. खोलीत पुरेसा उजेड येतो की नाही हे कसं ठरवायचं, यावर त्यांनी एका कोनाचा आग्रह धरला: साडेत्रेसष्ट अंश. भिंतीच्या पायथ्यापाशी उभे आहात असं समजा. तिथून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एक रेषा काढा. ती रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल, तर समोरची इमारत तुमचं आभाळ खाते आहे. प्रत्येक राहत्या खोलीला निदान एका बाजूने तरी हे आभाळ मिळालंच पाहिजे. भूमितीचा हिशेब केला तर नियम फार साधा होतो: इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी जागा समोर मोकळी. चाळीस फुटांची इमारत असेल तर वीस फूट रिकामे. ज्याला त्रिकोणमिती येत नाही त्या गवंड्यालाही तो कळला असता.

ही एक ओळ हातात घेऊन हिंदू कॉलनीत जावं. आंबेडकर मार्गावरून आत शिरणाऱ्या गल्ल्यांना इथे नावापेक्षा क्रमांकाने ओळखतात: पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशा. जुन्या इमारती तळमजला आणि वर दोन-तीन मजले एवढ्याच. इमारत रस्त्याच्या कडेला अंग चिकटवून उभी राहत नाही. थोडी मागे सरकते. पुढे कुंपणाची बुटकी भिंत, तिच्या आत जेमतेम चार कुंड्या आणि एखादा पारिजातक मावेल इतकी जागा. बाजूलाही अंतर सोडलेलं. गिरगावातून पहिल्यांदा इथे राहायला आलेल्या कुटुंबाला यातलं काय नवं वाटलं असेल, याची कल्पना करून पाहावी. गिरगावातली इमारत दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याला टेकलेली असते; तिला पुढचा चेहरा आणि मागची पाठ असते, कुशी नसते. इथल्या इमारतीला चारही बाजू आहेत. मधल्या खोलीलाही स्वतःची खिडकी आहे. दिवसा दिवा न लावता पोथी वाचता येते, हे सुख आपण गृहीत धरतो. तेव्हाच्या मुंबईत ते विकत मिळू लागलं होतं आणि त्यासाठी लोक ट्रामने लांबवर यायला तयार होते.

त्या अंतराचा आणखी एक परिणाम आखणाऱ्यांच्या मनात होता की नाही कुणास ठाऊक, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. रस्ता आणि घर यांच्यामध्ये एक मधलं क्षेत्र तयार झालं. फाटक, कट्टा, जिन्याची पहिली पायरी, पहिल्या मजल्यावरची गॅलरी. भाजीवाली फाटकाशी टोपली उतरवते, वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली येते; मुलं रस्त्यावर खेळतात, पण चेंडू आत गेला तर फाटक ढकलून कुणालाही आत जाता येतं. चाळीतल्या सामाईक गॅलरीतली जवळीक इथे नाही, आणि बंगल्यातला दुरावाही नाही. मराठी मध्यमवर्गाचा जो एक स्वभाव आपण मानतो, म्हणजे माणसांत मिसळणं पण घराचं दार लोटून घेणं, तो याच फाटक आणि कट्ट्याच्या पट्ट्यात घडला असं मी म्हणेन.

आंबेडकर मार्ग ओलांडून पूर्वेला गेलं की पारशी कॉलनी लागते. मंचेरजी जोशी हे स्थापत्य अभियंते. मुंबईत आलेल्या बेताच्या मिळकतीच्या पारशी कुटुंबांना परवडेल अशी घरं हवीत, म्हणून त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून १०३ भूखंड पारशांसाठी राखून घेतले. मुंबईत पारशांच्या इतर वसाहती आहेत, त्यांना बाग म्हणतात. त्यांना भिंत असते, फाटक असतं, पहारेकरी असतो. दादरच्या कॉलनीला भिंतच नाही. कुणीही तिथून चालत जाऊ शकतो आणि लोक जातातही: व्हीजेटीआयची मुलं, सकाळी फिरणारी मंडळी, फाइव्ह गार्डन्सच्या बाकांवर बसणारी जोडपी. एका लहान समाजाने आपली वस्ती सगळ्या शहरासाठी उघडी ठेवली, यातला विश्वास मला फार मोठा वाटतो.

इथली झाडं नीट पाहण्यासारखी आहेत. मंचेरजींनी काही रस्त्यांना एकाच जातीचं झाड दिलं. फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक. एकच झाड पुन्हा पुन्हा लावण्यात कुणाला कंटाळवाणेपणा दिसेल. प्रत्यक्षात उलट घडतं. महोगनीच्या रस्त्यावर सगळी झाडं एकाच वेळी पानं टाकतात आणि एकाच वेळी कोवळी तांबूस पालवी धरतात. संपूर्ण रस्त्याचा रंग आठवडाभरात बदलतो. मिश्र झाडांच्या रस्त्यावर हा बदल कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत आणि पूर्ण वाढलेलं महोगनीचं झाड यांची उंची सारखी होते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर फांद्या असतात, दुसऱ्या मजल्यावरच्याच्या समोर शेंडे. साडेत्रेसष्ट अंशांनी जी मोकळी जागा दिली, ती झाडांनी भरली आणि तरीही उजेड अडला नाही; गाळून आला. आखणी आणि लागवड यांचा एवढा नेमका मेळ मुंबईत दुसरीकडे मला दिसलेला नाही. मंचेरजींचा पुतळा ते हयात असतानाच कॉलनीत बसवला गेला. कॉलनीतल्या माणसांना त्यांचं ऋण वेळेवर कळलं होतं.

फाइव्ह गार्डन्सबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी फक्त एक गोष्ट सांगेन. ही एक मोठी बाग नाही. रस्त्यांच्या मिलनावर पाच तुकडे विखुरलेले आहेत. एकच मोठी बाग केली असती तर तिला कुंपण, वेळ आणि रखवालदार आला असता आणि लोकांना तिथे मुद्दाम जावं लागलं असतं. पाच तुकडे केल्यामुळे बाग वाटेत येते. शाळेतून घरी, बस स्टॉपवरून घरी, देवळातून किंवा अग्यारीतून घरी, कुठूनही जाताना तिचा एखादा कोपरा लागतोच.

उत्तरेला माटुंगा. ट्रस्ट येण्याआधी इथे भातशेती होती, ताडामाडांच्या राया होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही काळ तोफखान्याची छावणीही होती. गावाची ग्रामदेवता मरुबाई. तिचं देऊळ नव्या आखणीतही राहिलं आणि आजही तिथे आहे. काटकोनात आखलेल्या भूखंडांच्या मधोमध एका गावदेवीला जागा मिळते, म्हणजे कागदावर रेघा मारणाऱ्याला जमिनीवरच्या माणसांचं थोडं तरी ऐकावं लागलं. रस्त्यांना दिलेली नावंही वाचनीय आहेत: भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, चंदावरकर. वैद्यक, कायदा, संस्कृतविद्या आणि न्यायदान यांतली एकोणिसाव्या शतकातली माणसं. नव्या मध्यमवर्गाने आपली वंशावळ रस्त्यांच्या पाट्यांवर लिहून ठेवली.

या रस्त्यांवर राहायला आले ते बरेचसे तमिळ बोलणारे कारकून, टंकलेखक, हिशेबनीस. मॅट्रिक होऊन, इंग्रजी टायपिंग शिकून पालघाटहून, तंजावरहून गाडीत बसलेली मुलं आधी मेसमध्ये राहायची, नोकरी पक्की झाली की खोली घ्यायची, लग्न झालं की ब्लॉक. त्यांच्यासाठी १९२३मध्ये आस्तिक समाज उभा राहिला, १९३२मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४०मध्ये कॅफे मद्रास, १९४२मध्ये रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. केळीच्या पानावर वाढलेलं जेवण, शेवटी ताकभात. माटुंगा स्टेशनजवळच्या फुलांच्या दुकानांत सकाळपासून मोगऱ्याच्या वेण्या. घरी असताना ही माणसं आपल्या गावाची, आपल्या जातीची, आपल्या भाषेची होती. माटुंग्यात ती दाक्षिणात्य झाली, कारण शेजारी तमिळ, कन्नड, मल्याळी, तेलुगू सगळेच होते आणि सगळ्यांना एकाच दुकानातून कॉफीची पूड घ्यायची होती. एका शहराच्या उपनगराने माणसांना नवी ओळख दिली, हा माटुंग्याचा खरा इतिहास. आणि मराठी वाचकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं की ज्या दादर-माटुंग्याला आपण मराठी संस्कृतीचं माहेर म्हणतो, त्याच्या एका फर्लांगावर तेवढ्याच प्रेमाने दुसऱ्यांनीही आपलं माहेर वसवलं होतं.

मधल्या पट्ट्यात शाळा-कॉलेजांची दाटी. व्हीजेटीआय १९२३मध्ये माटुंग्याला आलं, युडीसीटी १९३३मध्ये सुरू झालं, रुईया १९३७मध्ये, त्याच वर्षी खालसा कॉलेज, पोदार १९४१मध्ये. हिंदू कॉलनीतली किंग जॉर्ज शाळा आज राजा शिवाजी विद्यालय आहे. वीस वर्षांच्या आत एवढ्या संस्था एका टापूत उभ्या राहिल्या याचं कारण पुन्हा आखणीत आहे: मोठे भूखंड आधीच राखलेले होते.

आता घराच्या आत जाऊ. हिंदू कॉलनीत आणि माटुंग्यात १९२०-३०च्या दशकांत जे नवीन आलं त्याला मुंबईकर ब्लॉक म्हणू लागले. चाळीत खोली, वाड्यात बिऱ्हाड; ब्लॉक म्हणजे स्वतंत्र दार, आत हॉल, एक किंवा दोन खोल्या, स्वैपाकघर, आणि मोरी, न्हाणी, संडास सगळं दाराच्या आत. शेवटचा शब्द सहज लिहिला गेला, पण तेव्हा तो सहज नव्हता. ज्या घरात देव्हारा आहे, सोवळ्याचा स्वैपाक आहे, त्याच छपराखाली संडास असणं पुष्कळांना अशक्य वाटत होतं. चाळीत तो मजल्याच्या टोकाला असायचा, वाड्यात परसात. नव्या नकाशांनी यावर तोड काढली ती पाहण्याजोगी आहे. संडास घरात आणला, पण अगदी मागच्या कोपऱ्यात ढकलला. स्वैपाकघर आणि देव यांच्यापासून शक्य तितका दूर. मधे मोरी किंवा छोटी गॅलरी ठेवली. जुन्या ब्लॉकचा नकाशा हातात घेऊन हॉलपासून मागे मागे जावं: पाहुणे, घरची माणसं, चूल, पाणी, मैला अशी उतरती भाजणी दिसते. घराचा नकाशा म्हणजे घरातल्या मानाची उतरंडच.

आणि मग इमारतीच्या मागे जावं. अनेक जुन्या इमारतींच्या पाठीमागे एक गोल लोखंडी जिना असतो, अरुंद, गंजलेला, वर प्रत्येक मजल्यावरच्या संडासाच्या मागच्या दाराशी थांबणारा. पुढचा जिना पाहा: रुंद पायऱ्या, झिजून मध्ये किंचित खोलगट झालेला दगड, तळहाताच्या तेलाने गुळगुळीत झालेला सागवानी कठडा, वळणावर उभ्या जाळीतून येणारा उजेड. तो घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी. मागचा जिना सफाई करायला येणाऱ्यासाठी. त्याने पुढच्या जिन्यावर पाऊल ठेवू नये, कुणाच्या अंगावर त्याची सावली पडू नये, त्याने काम करून आलेल्या वाटेनेच परत जावं, म्हणून लोखंड वाकवून एवढी कारागिरी केलेली आहे. ज्या मोकळ्या जागेने मधल्या खोलीला उजेड दिला, त्याच मोकळ्या जागेत हा जिना उभा आहे. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम सगळ्या भिंतींना सारखा लागू होता, माणसांना नव्हता. या वस्तीवर माझं मनापासून प्रेम आहे आणि म्हणूनच तिची ही पाठ पाहिल्याशिवाय तिचं वाचन पुरं होतं असं मी मानत नाही. पुष्कळ ठिकाणी हे जिने आता कापून काढले आहेत, भिंतीत फक्त खिळ्यांच्या खुणा राहिल्या आहेत.

ज्या माणसाने या जिन्याचा अर्थ सगळ्या देशाला समजावून सांगितला, तो हिंदू कॉलनीतच राहायला आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याआधी परळला पोयबावडीजवळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. १९१२पासून सुमारे बावीस वर्षं, एक नंबरच्या चाळीत, पन्नास आणि एकावन्न क्रमांकाच्या दोन खोल्यांत. बी.आय.टी. म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. ज्या संस्थेने मध्यमवर्गासाठी दादर-माटुंग्याचे भूखंड आखले, त्याच संस्थेने कष्टकऱ्यांसाठी परळच्या एकखणी चाळी बांधल्या. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, सामाईक संडास. राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला आले ते याच चाळीत. कोलंबिया आणि लंडनहून परतलेला हा विद्वान तिथे पुस्तकांच्या ढिगाऱ्यांमध्ये बसून वाचायचा, आणि बाहेर गॅलरीत शेजाऱ्यांचा दिवस चाललेला असायचा.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदू कॉलनीत घर बांधलं, त्याला प्राचीन मगधाच्या राजधानीचं नाव दिलं: राजगृह. एकाच ट्रस्टच्या दोन हस्ताक्षरांमधलं अंतर एका माणसाने एका आयुष्यात चालून पार केलं. राजगृहाकडे या दृष्टीने पाहावं. शेजारच्या घरांपेक्षा ते फार वेगळं दिसत नाही. तीच मजल्यांची उंची, तेच मागे सरकून उभं राहणं. वेगळेपण आतल्या जागेच्या वाटपात आहे. एरवी घरात हॉल हा पाहुण्यांसाठी आणि मानासाठी असतो. या घरातली मोक्याची जागा ग्रंथांसाठी होती. पुस्तकांच्या संख्येबद्दल मोठमोठे आकडे सांगितले जातात; मला आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की घर बांधतानाच मालकाने पुस्तकांसाठी भिंती मोजल्या. हिंदू कॉलनीतल्या त्या उजेडाचा, त्या हवेचा एवढा सार्थ उपयोग दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. रमाबाईंना मात्र या घरात फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्या राजगृहातच गेल्या. आयुष्यभर एक-दोन खोल्यांत संसार रेटलेल्या बाईच्या वाट्याला मधल्या खोलीची खिडकी उशिरा आली.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं. विमानाने आणलेला देह राजगृहात ठेवला गेला आणि दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा निघाली. ती तेव्हाच्या व्हिन्सेंट रोडने पोयबावडीवरून, एल्फिन्स्टन पुलावरून, सयानी रोड आणि गोखले रोडने दादरच्या चौपाटीकडे गेली. म्हणजे ट्रस्टच्या हमरस्त्यावरून ट्रस्टच्या चाळीपाशी, आणि तिथून समुद्राकडे. व्हिन्सेंट रोडला पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव दिलं गेलं. या वस्तीच्या आखणीत जो रस्ता कण्यासारखा आहे, त्याला याहून योग्य नाव मिळालं नसतं.

ट्रस्ट १९३३पर्यंत महापालिकेत विरून गेला. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतली शेवटची ट्राम धावली, तीही बोरीबंदर ते दादर. दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव उरलं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांचा दुरुस्तीतला रस गेला आणि इमारती म्हाताऱ्या होत गेल्या. छतातून गंजलेली सळई दिसू लागते, गॅलरीला टेकू लागतो. अशा घरात जीव मुठीत धरून राहणाऱ्या माणसाला वारशाचं महत्त्व सांगणं हा अन्याय आहे. इमारती पाडाव्या लागतील आणि नव्या उभ्या राहतील, यात मला शंका नाही आणि तक्रारही नाही.

माझं म्हणणं जागेबद्दल आहे. हिंदू कॉलनीत आणि माटुंग्यात आता जे उंच मनोरे उठत आहेत, त्यांचे भूखंड तेच जुने आहेत. तळमजला अधिक दोन मजले डोळ्यांसमोर ठेवून आखलेले. रुंदी तीच, बाजूचं अंतर जेमतेम तेवढंच, उंची आठपट. खालचे काही मजले मोटारींसाठी, त्यामुळे रस्त्याच्या पातळीवर ना फाटक, ना कट्टा, ना पहिल्या मजल्याची गॅलरी. नुसती काँक्रीटची जाळी आणि आत दिव्यांच्या उजेडात उभ्या गाड्या. शेजारच्या जुन्या इमारतीतल्या बाईने दुपारी स्वैपाकघरात दिवा लावायला सुरुवात केलेली असते. मनोऱ्यातल्या अठराव्या मजल्याला भरपूर ऊन मिळतं. ते ऊन कुणाच्या वाट्याचं होतं, हे कुणी मोजत नाही. झाडांच्या शेंड्यांना आता समोरून पाहणारा शेजारी उरलेला नाही.

जुन्या इमारतीची पुनर्विकासाची सभा गच्चीवर भरते. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचे कागदी पेले, बिल्डरचा माणूस लॅपटॉप उघडून रंगीत चित्रं दाखवत असतो. कार्पेट किती वाढणार, भाडं किती महिन्यांचं, पार्किंग एक की दोन, लिफ्ट कुठल्या कंपनीची, सगळं विचारलं जातं आणि विचारायलाच हवं. त्याच सभेत कुणीतरी उठून नकाशा मागून घ्यावा, मागच्या भिंतीपासून शेजारच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत किती फूट आहेत ते वाचावं, आणि नव्या इमारतीची उंची त्याच्या किती पट होते हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावं. भागाकार पाचवीतल्या मुलालाही येतो, आणि त्याचं उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला कुठलाही कायदा आड येत नाही.